रशियन, चेक हॉकीवाली पोरं परक्या टीममध्ये आली की भाषेचं काय करायचं

हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ध्यानचंद येतात, पण हे सगळं आइस हॉकीबद्दल आहे. कॅनडात नुसतं हॉकी म्हणाल तर तीच.

पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला दोन वर्षं रशियन शिकत होते तेव्हा वाटलंही नव्हतं की ते एक दिवस कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतातल्या एका गावात, भाताचं भांडं हातात धरून वापरावं लागेल. आमच्या गावात ज्युनिअर हॉकीची टीम आहे, साधारण १६ ते २० वर्षांची पोरं, आणि बाहेरगावची, बाहेरदेशची जी असतात ती गावातल्या घरांमध्ये राहतात, त्या घरांना इकडे बिलेट फॅमिली म्हणतात. आमच्याकडे आधी एक चेक पोरगा राहिला, मग एक रशियन. आता कॅलगरी, एडमंटन, ब्रॅम्प्टन सगळीकडे आपली मराठी मंडळी मुलांच्या हॉकीपायी टीमच्या कामात ओढली जातात, कुणी मॅनेजर होतं, कुणी गाडी चालवतं, कुणी पोरगा घरी ठेवून घेतं. दोघीतिघींनी मला विचारलं की अगं, त्या पोराला इंग्रजी अजिबात येत नाही, सुरुवात कुठून करू. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा म्हटलं एकदाच नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी हे सांगते, की व्याकरणाचं पुस्तक आणू नका. निदान पहिले दोन महिने तरी नाही. मीही आणलं होतं, वर्तमानकाळ, भूतकाळ, सगळं, आणि तो बिचारा मान खाली घालून भरत बसायचा, आणि शनिवारी मॅचमध्ये पाठीमागून येणाऱ्या माणसाला धडकून पडायचा, कारण त्याच्या जोडीदाराने ओरडलेला शब्द त्याला कळलेलाच नसायचा. त्याला वाक्यं नकोच होती हो, त्याला आठ-दहा शब्द हवे होते, आणि ते कानात पडल्याबरोबर पायात उतरायला हवे होते.

बर्फावरचे शब्द

काय होतं बघा. डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा खेळाडू, आपल्या गोलच्या मागे पक, म्हणजे खेळायची रबराची चकती, घ्यायला जातो तेव्हा त्याचं तोंड भिंतीकडे असतं आणि पाठ सगळ्या जगाकडे. मागून कोण येतंय हे त्याला दिसत नाही, त्याचे डोळे म्हणजे त्याचा जोडीदार आणि गोली, म्हणजे गोलरक्षक. ते ओरडतात, आणि त्या एका शब्दावर हा ठरवतो काय करायचं. त्यात युरोपातल्या जुन्या पद्धतीच्या रिंकची, म्हणजे खेळायच्या बर्फाच्या मैदानाची, रुंदी ३० मीटर, आणि इकडची ८५ फूट, म्हणजे साधारण २६ मीटर. चार मीटर कमी म्हटलं की समोरचा तेवढा लवकर अंगावर येतो. म्हणजे जिथं विचार करायला आधीच वेळ कमी, तिथं हा पोरगा ऐकलेला शब्द डोक्यात आधी रशियनमध्ये नेणार, मग अर्थ लावणार, मग वळणार, तोवर त्याला काचेवर चिकटवलेलं असतं.

शब्द असे. 'अप' म्हणजे त्याच बाजूच्या विंगरला, म्हणजे कडेने पुढे खेळणाऱ्याला, पटकन वर दे. 'ओव्हर' म्हणजे पलीकडच्या जोडीदाराला आडवा दे. 'व्हील' म्हणजे देऊ नकोस, गोलमागून वेगात स्वतःच घेऊन नीघ. 'रिव्हर्स' म्हणजे जातोयस त्याच्या उलट दिशेला भिंतीवरून मागे सोड, मी तिथं आहे. 'रिम' म्हणजे भिंतीच्या कडेने जोरात फिरव. मग 'मॅन ऑन', म्हणजे मागे माणूस आहे, सांभाळ, आणि त्याच्या बरोब्बर उलट 'टाइम', म्हणजे वेळ आहे, घाई नको. शेवटचा 'चेंज', म्हणजे बेंचवर ये, दुसरा जाणार. हा साधा वाटतो पण हुकला तर बर्फावर एक माणूस जास्त होतो आणि टीमला दोन मिनिटांची पेनल्टी बसते, आणि बेंचवरचे सगळे त्याच्याकडेच बघतात.

हे शब्द भाषांतर करून शिकवू नका, हे माझं अगदी कळकळीचं सांगणं आहे. रिव्हर्स म्हणजे रशियनमध्ये अमुक, असं वहीत लिहिलं की तो शब्द वहीतच राहतो. आम्ही गॅरेजमध्ये शिकलो. गाडी बाहेर काढायची, बाहेर उणे पंचवीस, आत हीटरचा तो वास, आणि चेक पोरगा हातात स्टिक घेऊन, भिंतीकडे तोंड करून, रस्त्यावरच्या हॉकीचा तो नारिंगी बॉल पुढेमागे करत उभा. मी त्याच्या मागे, माझ्या बाजूला माझी लेक, तेव्हा ती अकराची होती. मी काहीही ओरडायचं आणि त्याने ते करायचं. पहिले तीन-चार दिवस मला त्याचे ओठ हलताना दिसायचे, व्हील म्हटलं की ओठ हलणार, खांदे थांबणार, मग वळणार. आठवडाभराने एका संध्याकाळी मी 'रि' म्हटलं आणि बॉल भिंतीला लागून माझ्या पायापाशी आलासुद्धा, माझा शब्द अजून तोंडातच होता. रोज दहा मिनिटं, जास्त नाही.

पण इथं एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात. त्याला ऐकायला शिकवतात, ओरडायला शिकवत नाहीत. त्याचा जोडीदारही त्याच्या आवाजावर अवलंबून असतो ना! नवीन भाषेत पोरं लाजतात, उच्चार चुकेल म्हणून गप्प राहतात, आणि गप्प जोडीदार म्हणजे दुसऱ्या पोराच्या जिवाला धोका. म्हणून आम्ही आलटून पालटून करायचो, माझी लेक स्टिक घेऊन भिंतीकडे तोंड करायची आणि त्याने ओरडायचं. सुरुवातीला इतकं हळू की हीटरच्या आवाजात विरून जायचं. ती मागे वळून म्हणायची, मला ऐकू नाही आलं, परत. अकरा वर्षांच्या पोरीसमोर त्याची भीड चेपली, मोठ्यांसमोर चेपली नसती.

पोरगा गोली असेल तर हे दुप्पट लागू, कारण सगळं बर्फ त्यालाच दिसतं, त्यालाच सगळ्यात जास्त बोलावं लागतं. रशियन गोली सेर्गेई बोब्रोव्स्की २०१० मध्ये एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये, फिलाडेल्फियाला आला तेव्हा ड्राफ्टमध्येसुद्धा, म्हणजे टीम नवी पोरं निवडतात त्यात, कुणी घेतलेला नव्हता आणि इंग्रजी जेमतेम. पुढे कोलंबसकडून खेळताना २०१३ आणि २०१७ ला त्याने वेझिना ट्रॉफी घेतली, म्हणजे सगळ्या लीगमधला सर्वोत्तम गोली. गोलीला आधी हेच आठ शब्द द्या, बाकी सगळं नंतर.

उच्चारांच्या मागे लागू नका. रशियनमध्ये इंग्रजीतला डब्ल्यू नाही, तो व्हील म्हणताना आपल्यासारखाच 'व' लावणार, लावू दे, जोडीदाराला कळतं. ए, ॲन, द हेही रशियन, चेक, पोलिश कुणातच नाही, मराठीत तरी कुठे आहे, आपण सगळे शाळेत तिथंच अडखळलो. शब्द आखूड हवा, मोठ्याने हवा आणि वेळेवर हवा, एवढंच बघायचं.

फोनवरचं भाषांतर कुठे फसतं

फोन हवाच, दुकानात, बँकेत, दातांच्या डॉक्टरकडे लागतो. पण हॉकीच्या बोलण्यात तो पार गोंधळ घालतो, कारण तिथले शब्द दिसतात साधे आणि अर्थ भलताच. कोच म्हणतो 'पिंच', म्हणजे डिफेन्समनने निळ्या रेषेवरून पुढे घुसून पक बाहेर जाऊ द्यायचा नाही, फोन सांगतो चिमटा काढा. 'पॉइंट' म्हणजे निळ्या रेषेवरची जागा, 'स्लॉट' म्हणजे गोलच्या अगदी समोरचा पट्टा. ड्रेसिंग रूममध्ये तर 'ॲपल' म्हणजे असिस्ट, गोलसाठी दिलेला पास, 'बिस्किट' म्हणजे पक, 'बार्न' म्हणजे रिंक. माझा रशियन पोरगा एकदा घरी येऊन अगदी गंभीरपणे विचारत होता की मला दोन सफरचंदं मिळाली असं सगळे का म्हणतायत.

त्यावर मला उपयोगी पडलं ते चित्र. एका वहीत रिंक काढायची, फोटोकॉपी काढून पंधरावीस पानं करायची, आणि रोज प्रॅक्टिसहून आल्यावर जो शब्द अडला तो रिंकवर काढायचा, बाण, गोल, फुली, बाजूला इंग्रजी शब्द आणि खाली त्याचा स्वतःचा शब्द. हा शेवटचा भाग सोडू नका. त्याचे शब्द विचारले की त्याला वाटतं आपण नुसते अडाणी नाही, आपल्यालाही काहीतरी येतं, आणि खरंच येतं की. रशियन हॉकीत गोलच्या वरच्या कोपऱ्याला देव्यात्का म्हणतात, म्हणजे नऊ नंबर, आणि गोलीच्या दोन पायांमधल्या फटीला दोमिक, छोटंसं घर, तिलाच इंग्रजीत फाइव्ह-होल म्हणतात. चेक लोक त्याच वरच्या कोपऱ्याला शिबेनित्से म्हणतात, म्हणजे फाशीचा खांब. पॉवर प्ले, म्हणजे समोरचा एक माणूस पेनल्टीत बसलाय आणि आपण जास्त आहोत, त्याला रशियनमध्ये बोलशिन्स्त्वो, बहुमत. बोल्शेविक हा शब्द आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलाय तो त्याच मुळातला. आणि आपण कमी असलो की मेन्शिन्स्त्वो. हे कळल्यावर मला एवढा आनंद झाला की मी जेवण सोडून नवऱ्याला सांगायला गेले.

कोचशी बोलता येत असेल तर एवढंच मागा, ड्रिल तोंडी सांगू नका, बोर्डवर काढा, आणि पहिल्या रांगेत ह्याला उभं करू नका, तिसऱ्या-चौथ्या रांगेत ठेवा म्हणजे दोनदा बघून तिसऱ्यांदा करेल. बरेच कोच आनंदाने ऐकतात. एका सीझनला एक सहायक कोच मात्र म्हणाला होता की मुद्दाम पहिला उभा करतो, तेवढं लवकर शिकेल. शिकला नाही, नुसता घाबरला, चुकायच्या भीतीने पकच मागेना.

सगळे स्लाव्ह एक नाहीत

ही माझी चूक, तुम्ही करू नका. चेक पोरगा पहिल्यांदा एअरपोर्टवर उतरला तेव्हा मला वाटलं मला रशियन येतं, चेक त्याच्या जवळचीच भाषा, आपण रशियनमध्ये स्वागत करू, किती बरं वाटेल त्याला. मी बोलले आणि त्याचा चेहरा एकदम बंद झाला. गाडीत तासभर एक शब्द नाही. मग मला आठवलं, १९६८, प्रागमध्ये घुसलेले सोव्हिएत रणगाडे. नावाजलेला चेक खेळाडू यारोमिर यागर, त्याच्या पाठीवरचा ६८ नंबर त्याच सालाचा आहे, आणि मी ते वाचलेलं असूनही एअरपोर्टवर विसरले. दुसऱ्या दिवशी चेकमध्ये दोब्रे रानो, म्हणजे शुभ सकाळ, एवढंच शिकून म्हटलं, तेव्हा कुठे हसला. युक्रेनियन पोरगा असेल तर आज तर हे शंभरपट. न विचारता रशियन लावू नका, टीममध्ये रशियन आहे म्हणून त्याला दुभाष्या नेमू नका, आधी दोघांना वेगवेगळं विचारा.

आणि भाषाही तशा सारख्या नाहीत. चेक आणि स्लोव्हाक एकमेकांचं बोलणं समजतात, पण रशियन पोरगा चेक टीममध्ये गेला तर अवघड होतं, कारण शब्द ओळखीचे वाटतात आणि फसवतात. चेकमध्ये पोझोर म्हणजे सावधान, दारावर पाट्या असतात तशा, आणि रशियनमध्ये पझोर म्हणजे लाजिरवाणी गोष्ट, छी-थू. चेक कोच म्हणाला उझासने, म्हणजे अप्रतिम, तर रशियनला ऐकू येतं उझास्ना, म्हणजे भयंकर. अशा जोडीला मी पहिल्या आठवड्यात फसव्या शब्दांची यादी करून द्यायला सांगेन, दोन्ही भाषा येणाऱ्या कुणाकडून तरी. मराठी-हिंदीत 'शिक्षा' शब्दाचं होतं ना, तसं.

आता ते भाताचं. चेक पोराला पहिल्या दिवशी वरणभात आणि बटाट्याची भाजी केली होती, त्याने मनापासून खाल्लं, मी इंग्रजीत विचारलं, अजून भात? तो म्हणाला नो. असं जरा लांबवून, नो-ओ. मी भांडं उचललं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच, मला वाटलं खेळणारा पोरगा आणि एवढंसं खातो, आवडत नसेल. चौथ्या रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर हा फ्रिजच्या उजेडात उभा राहून कोरडा ब्रेड खातोय. तेव्हा कळलं. चेकमध्ये हो म्हणजे आनो, आणि बोलताना त्याचं होतं नुसतं 'नो'. म्हणजे तो चार दिवस मला हो म्हणत होता, आणि मी त्याच्यासमोरून भात उचलून नेत होते. पोलिश बोलणाऱ्यांचंही तसंच, त्यांचा 'नो' म्हणजेही हं, हो. मला इतकं वाईट वाटलं की रात्री अकराला थालीपीठ लावलं, आणि ते त्याला त्यांच्या बटाट्याच्या ब्रांबोराकसारखं लागलं म्हणे. तेव्हापासून आमच्या घरात हो म्हणजे अंगठा वर, नाही म्हणजे हात आडवा, आणि टीमच्या ट्रेनरलाही मी सांगून ठेवलं. तुम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

नाव आणि तू-तुम्ही

ह्यात आपल्याला इकडच्या लोकांपेक्षा जास्त कळतं, ते वापरा. रशियनांचं मधलं नाव वडिलांच्या नावावरून, सेर्गेई व्हिक्तोरोविच म्हणजे व्हिक्तोरचा सेर्गेई, आपल्या फॉर्मवर असतं अगदी तसं, आणि इकडचे फॉर्म तितकेच गोंधळतात. घरचं नाव आणि कागदावरचं नाव वेगळं, हेही आपल्यासारखंच, अलेक्सांद्र म्हणजे साशा, एवगेनी म्हणजे झेन्या, द्मित्री म्हणजे दिमा. टीमवाले कागदावरचं पूर्ण नाव घेऊन हाका मारतात आणि पोराला ती शाळेत मुख्याध्यापकांनी मारलेली हाक वाटते. पहिल्या दिवशी विचारा, घरी तुला काय म्हणतात. आणि उच्चार नीट शिकून टीमला शिकवा. रशियन आणि चेकमध्ये त्स आहे, तो आपल्या चमच्यातला च, आपल्याला आयता येतो.

तू-तुम्हीचंही तेच. रशियनमध्ये ती आणि व्ही, चेकमध्ये ती आणि वी. कोचला रशियन पोरगा तिकडे नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारतो, अहो-जाहो करतो. इकडे सगळे कोचला पहिल्या नावाने नाहीतर नुसतं कोच म्हणतात, आणि ह्याच्या तोंडून ते निघत नाही, म्हणून तो हाकच मारत नाही, आणि इकडच्यांना वाटतं पोरगा शिष्ट आहे. समजावून सांगा की 'कोच' म्हटलं की त्यात तुम्ही आलंच. तसंच हसणं. रशियात अनोळखी माणसाकडे बघून हसत नाहीत, त्यात राग नसतो. आणि हाऊ आर यू विचारलं की तो खरंच सांगायला लागतो, रात्री झोप नाही आली, गुडघा दुखतोय. माझं मत विचाराल तर त्याला बदलू नका, दोन महिन्यांत तो आपोआप 'गुड' म्हणायला शिकतो, तोवर त्याचं खरं उत्तर ऐकून घ्या, तेवढं तरी कुणी ऐकलेलं असतं. मला तो चेक पोरगा तेतो म्हणायचा. तेता म्हणजे आत्या-मावशी, हाक मारताना तेतो. ते ऐकल्यावर मला त्याचं पुढचं इंग्रजी कसंही असलं तरी चालायचं.

एक माणूस स्वतःच्या भाषेतला

सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल तर ही. शब्द शिकवता येतात, एकटेपण शिकवून जात नाही.

यागर १९९० मध्ये पिट्सबर्गला आला तेव्हा १८ वर्षांचा होता, इंग्रजी नव्हतं, घरची आठवण येऊन पार कोमेजला होता. टीमने काय केलं, डिसेंबरमध्ये कॅलगरीकडून यिर्झी हृदिनाला घेतलं, वयाने मोठा चेक खेळाडू, बऱ्याच अंशी ह्या पोराला सोबत म्हणून. त्याच सीझनला, १९९१ मध्ये, पिट्सबर्गने स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकलं आणि पुढच्या वर्षी परत. हृदिनाचं नाव लिहायला आपला ऋ अगदी चपखल बसतो, कारण चेकमध्येही र असा स्वरासारखा येतो, आणि त्या शब्दाचा अर्थ आहे नायक.

रशियन एवगेनी माल्किनचंही तसंच. २००६ च्या ऑगस्टमध्ये तो फिनलंडमधल्या ट्रेनिंग कॅम्पमधून आपली रशियन टीम सोडून निघाला, पिट्सबर्गला आला तेव्हा इंग्रजी नव्हतंच म्हणा, आणि राहिला कुठे तर टीममधल्या सेर्गेई गोंचारच्या घरी. गोंचार त्याचा दुभाष्या, शेजारी, मोठा भाऊ सगळं. २००७ ला माल्किन सर्वोत्तम नवोदित ठरला, २००९ ला कप आणि प्लेऑफमधला, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांमधला, सर्वोत्तम खेळाडू. रशियन आर्तेमी पनारिन २०१५ ला शिकागोला आला तर त्याच्या लाइनवर, म्हणजे पुढे एकत्र खेळणाऱ्या तिघांत, मध्ये आर्तेम अनिसिमोव होता, रशियन, आणि पलीकडे पॅट्रिक केन. केनशी बोलायला भाषा नसली तरी मधला माणूस होता, आणि त्याच सीझनला पनारिन सर्वोत्तम नवोदित.

उलटंही झालंय. १९८९ मध्ये सोव्हिएत संघाचे दोन मोठे खेळाडू व्हँकुव्हरला एकत्र आले, इगॉर लारिओनोव आणि व्लादिमिर क्रुटोव. लारिओनोवने इंग्रजी धरलं, पुढे कितीतरी वर्षं खेळला. क्रुटोव तिकडे रमलाच नाही, ६१ मॅच खेळून एका सीझनमध्ये संपलं. कारणं भाषेपेक्षा बरीच होती, वजन, खाणं, घरची ओढ, पण मला ही जोडी नेहमी आठवते, कारण सोबत असून पुरत नाही, ती सोबत तुम्हाला बाहेर ढकलणारी हवी. गोंचारसारखी.

म्हणून दुभाष्या नेमलात तर त्याला पायरी पायरीने मागे घ्या. पहिला महिना सगळं सांगू दे. मग फक्त मीटिंगमध्ये. मग फक्त अडलं तर. आणि दुभाष्या टीममधलाच पोरगा असेल तर त्याचाही विचार करा, तोही १७ वर्षांचाच आहे, कोचचं ओरडणं दुसऱ्याच्या वाट्याचं त्यालाच दोनदा ऐकावं लागतं.

आणि ड्रेसिंग रूममध्ये 'इंग्रजीतच बोला' असा नियम कुणी काढला तर त्याला विरोध करा. डेट्रॉइटमध्ये १९९५ च्या ऑक्टोबरपासून कोच स्कॉटी बोमनने पाच रशियन एकत्र बर्फावर उतरवले, फेतिसोव, लारिओनोव, फेदोरोव, कोझलोव, कॉन्स्टंटिनोव, आणि ते आपसात आपल्या भाषेत, आपल्या पद्धतीने खेळायचे. १९९७ मध्ये डेट्रॉइटने ४२ वर्षांनी कप जिंकला. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसोबत इंग्रजी बोलावं हे ठीक, पण थकल्यावर दोन वाक्यं स्वतःच्या भाषेत बोलणं हा गुन्हा नाही.

डोक्याला लागलं तर

हे मात्र थांबून वाचा. इकडे डोक्याला मार बसला की ट्रेनर विचारतो, यू ओके? आणि पोरगा म्हणतो ओके. ओके हा त्याचा पहिला शब्द असतो, तो सगळ्यालाच ओके म्हणतो. माझ्या रशियन पोराने म्हटलं आणि परत बर्फावर गेला, घरी येऊन अंधारात पडून राहिला, तेव्हा मी रशियनमध्ये विचारलं आणि त्याने सगळं सांगितलं, गरगरतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय. त्या रात्री मी त्याला इमर्जन्सीत नेलं, आणि पुढचे काही आठवडे तो खेळला नाही.

कन्कशनची, म्हणजे डोक्याला मार लागून मेंदूला बसलेल्या धक्क्याची, जी तपासणी करतात, स्कॅट म्हणतात तिला, २०२३ पासूनची स्कॅट-६, त्यात शब्दांची यादी ऐकवून परत म्हणायला लावतात, महिन्यांची नावं डिसेंबरपासून उलटी म्हणायला लावतात. ज्याला इंग्रजी महिने सुलटेसुद्धा येत नाहीत तो चुकला तर डोक्यामुळे चुकला की भाषेमुळे? आणि बरोबर उलटं, थांबत थांबत बोलला तर सगळे म्हणणार भाषेमुळे, आणि खरा मार लपून जाणार. म्हणून सीझनच्या सुरुवातीची, धडधाकट असतानाची तपासणी त्याच्या भाषा येणाऱ्या माणसासमोर करून घ्या, आणि मार बसल्यावरही त्या माणसाला फोनवर घ्या, रात्र असो काही असो. शिवाय दुखण्याचे शब्द पाठ करून घ्या, गरगरणं, मळमळ, धूसर दिसणं, बधिर होणं, आणि एक वाक्य, आय ॲम नॉट ओके. हे वाक्य मी त्याच्याकडून गॅरेजमध्येच म्हणवून घेतलं, ओरडून, दहादा.

करार, व्हिसा, इन्शुरन्सच्या कागदांना तुम्ही हात लावू नका. तुम्हाला भाषा येत असली तरी. एजंट आणि व्यावसायिक भाषांतरकार, बस.

क्विबेकमध्ये गेला तर वेगळंच, तिथं शाळा, दुकान, बातम्या फ्रेंचमध्ये, पक म्हणजे रोंदेल, गोली म्हणजे गार्दियँ. बेंचवर कुठली भाषा चालते हे जाण्याआधी विचारून घ्या, दोन्ही एकदम शिकायला लावलं तर पोरगा मोडतो. पण जमतं. स्लोव्हाकियाचे पीटर आणि आंतोन श्त्यास्त्नी १९८० मध्ये देश सोडून क्विबेक सिटीला आले, पुढच्या वर्षी तिसरा भाऊ मारियान, आणि पीटरने पहिल्याच सीझनला गोल आणि असिस्ट मिळून १०९ पॉइंट केले. जर्मनीत गेला तर एक शब्द रशियनाला फुकट मिळतो, पकला जर्मनमध्ये शाइबं म्हणतात आणि रशियन लोक ज्याला शायबा म्हणतात तो तिकडूनच आलेला. स्वीडनमध्ये बेंचवरून 'ब्यूते' ऐकू आलं, फिनलंडमध्ये 'वाइहतो', तर बाहेर यायचं, चेंज.

शेवटचं, घरी फोन. ह्याचं वेळापत्रक पहिल्याच आठवड्यात करा. सस्कॅचवान घड्याळ बदलत नाही, म्हणून प्राग हिवाळ्यात सात तास पुढे आणि उन्हाळ्यात आठ, मॉस्को वर्षभर नऊ. मॅच संपून पोरगा रात्री दहाला घरी येतो, बोलावंसं तेव्हाच वाटतं, आणि तिकडे आई पहाटे पाचला झोपेत. मग तो फोन करत नाही, आणि उद्याही करत नाही. आम्ही दुपारी साडेबाराची वेळ ठरवली, त्याच्या शाळेच्या सुट्टीतली, प्रागला तेव्हा संध्याकाळचे साडेसात, आई कामावरून घरी. रविवारी तो घरीच असायचा, तेव्हा मी स्वयंपाकघरातून बाहेर यायचे आणि दार ओढून घ्यायचे. आतून तासभर चेक ऐकू यायचं, भरभर, न थांबता, मधेच हसू, इंग्रजीत तो कधी एवढा बोललाच नाही. मग दार उघडायचं, डोळे जरा लाल, आणि विचारायचा, तेतो, बॉल कुठंय?